राहून गेलेली टाळी

मी नाटकगृहातली एक जुनी खुर्ची आहे. पाठ सागवानी, हात काळ्या शिसवी लाकडाचे, बैठकीत काथ्या आणि त्यावर जांभळी मखमल. मखमल आता इतकी विरली आहे की जांभळा रंग फक्त शिवणीच्या आत शिल्लक राहिला आहे. मित्रांनो, खुर्चीच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. माणसं येतात, बसतात, उठून जातात. पण समोरचा खेळ पाहताना माणसाच्या मनात काय चाललंय, हे त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठ खरं सांगते. आणि पाठ माझ्याकडे असते.

माझ्या जन्माआधी त्या नाटकगृहात खुर्च्याच नव्हत्या. तिथला म्हातारा दरवान ही गोष्ट येईल त्याला हौसेने सांगायचा, म्हणून मला ठाऊक. तेव्हा बाकं होती आणि लोक ती हवी तशी फिरवत. कोणी नाटकाकडे तोंड करून बसे, कोणी मेव्हण्याकडे. दिवे पेटलेलेच असत. पोरं रडत, बायका दाणे सोलत, आणि एखादा प्रसंग मनापासून आवडला की सगळं सभागृह “पुन्हा! पुन्हा!” म्हणून गिल्ला करी. मग नुकताच मेलेला राजा निमूटपणे उठे, कपडे झटके आणि पुन्हा एकदा मरे. नाही आवडलं तर दाण्यांची सालं थेट रंगमंचावर. एकदा तर नायिका विषाचा पेला तोंडाला लावणार, एवढ्यात एक बाई तरातरा वर चढली आणि तिने तो पेला उपडा केला. “बघत काय बसलात मेल्यांनो!” असं प्रेक्षकांनाच झापून ती खाली आली म्हणे.

मग मालक बदलले. नवे मालक शिस्तीचे होते. नाटक ही पाहायची गोष्ट आहे, भांडायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चांगला सुतार गाठला. त्याने आम्हा खुर्च्यांना घडवलं, पॉलिश केलं, रांगेत उभं केलं आणि आमचे पाय लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला जखडून टाकले. सगळ्यांची तोंडं एका दिशेला. पहिल्या दिवशी लोक आमच्यावरून हात फिरवत होते. “काय देखण्या खुर्च्या आहेत!” असं जो तो म्हणत होता आणि मी आनंदाने फुलून गेले होते. मग खेळ सुरू झाला, सभागृहातले दिवे मालवले गेले आणि दारात पाटी लागली: शांतता राखा.

मित्रांनो, माणसं फार लवकर शिकतात. थोड्याच दिवसांत नाटकगृहात टाचणी पडली तरी ऐकू येऊ लागली. आता खरं तर मालकांनी खूश व्हायला हवं होतं. पण झालं उलटंच. अंधारात गप्प बसलेली माणसं रंगली आहेत, कंटाळली आहेत की झोपली आहेत, हेच कोणाला कळेना. नटांना कापरं भरू लागलं. खेळ संपला तरी लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत. कोणी आधी टाळी वाजवायची? आणि आपण वाजवली आणि बाकीच्यांनी नाहीच वाजवली तर?

अशा वेळी टाळीमामा आले.

ते पावाच्या भट्टीत पीठ मळायचे. पंजे सुपाएवढे. एका संध्याकाळी ते सहज नाटकाला आले, त्यांना नाटक आवडलं आणि त्यांनी आपली टाळी वाजवली. ती अशी भरदार वाजली की सगळं सभागृह तिच्यामागून धावत सुटलं. मालकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावून घेतलं. “मामा, भट्टी सोडा. इथे या. तुम्ही नुसती सुरुवात करायची. बाकी लोक करतील.” त्यांना बसायला दिली मधल्या रांगेतली अगदी मधली खुर्ची. ती मी.

त्या दिवसापासून मामांची पाठ आणि माझी पाठ यांचा संसार सुरू झाला म्हणा ना. ते नाटक पाहायचे नाहीत, माणसं ऐकायचे. मागच्या रांगेतला श्वास कधी अडकतो, बायका पदर कधी चाचपतात, याकडे त्यांचा कान असे. आणि नेमक्या वेळी त्यांचे दोन्ही हात उठत. हसण्याची सुरुवात त्यांची, हुंदक्याची सुरुवात त्यांची. लोकांना याची इतकी सवय लागली की काही विचारू नका. एकदा अंत्ययात्रेचा प्रसंग चालला होता. मामांच्या गालाशी डास गुणगुणत होता. त्यांनी तो दोन हातांत चिरडला आणि सगळ्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला! तिरडीवरचा नट दचकून उठून बसला. लोक आठवड्यांनंतरही हसत होते. मामाही हसले. मला मात्र तेव्हापासून कसंसंच होऊ लागलं. एवढी माणसं, आणि त्यातल्या एकालाही स्वतःचे हात उरले नव्हते.

मामांची बायको तिथेच शिवणकाम करायची. आमच्या मखमली तिने किती वेळा उसवल्या आणि पुन्हा शिवल्या, गणतीच नाही. त्यांना एकच मुलगी. घरात आणि नाटकगृहात सगळे तिला बिट्टी म्हणत. आई सुई चालवत असताना ती रांगांमधून धावायची, रिकाम्या रंगमंचावर उभी राहून आम्हा खुर्च्यांना नाटक करून दाखवायची. मोठी झाली तशी ती खरोखरच रंगमंचावर जाऊ लागली. आधी निरोप्या, मग मैत्रीण, मग नायिकेची बहीण. आणि एक दिवस तिला मुख्य भूमिका मिळाली.

ते नाटक वेगळंच होतं. त्यात गाणं नव्हतं, लढाई नव्हती. एक मुलगी आजारी आईची आणि भावाची शुश्रूषा करते. दोघंही जातात. दोघांना पोचवून ती घरी येते आणि सवयीने तीन ताटल्या मांडते. थांबते. दोन उचलून ठेवते. मग एकटी बसते आणि पावाचा तुकडा मोडून खाऊ लागते. पडदा पडतो. बस्स.

मालकांना धाकधूक वाटत होती. “शेवटी पोरगी जेवते, एवढंच. लोक काय घेणार यात?” असं ते तालमीत पुटपुटत. मामांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, “शेवटी जोर लावा, मामा. खेळ तुमच्यावर आहे.”

पहिल्या खेळाच्या आदल्या दुपारी तालीम आटोपल्यावर बिट्टी खाली आली आणि बापाशेजारच्या खुर्चीत बसली.

“बाबा, एक मागू?”

“माग की.”

“उद्या तुम्ही टाळी वाजवायची नाही.”

मामा हसले. “वा गं! माझं कामच ते.”

“म्हणूनच सांगतेय. लहानपणापासून तुमची टाळी ऐकतेय मी. चांगल्या नाटकाला वाजवता, भिकार नाटकालाही तेवढीच वाजवता. उद्या तुम्ही वाजवलीत तर मला कसं कळणार, लोकांना माझं काम आवडलं की नाही?”

“आणि मला स्वतःलाच आवडलं तर?”

“तरी नको. शब्द द्या.”

मामांची पाठ माझ्यावर जरा ताठ झाली. मग सैलावली. “दिला,” ते म्हणाले. “मालकांचं बघू काय ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ होता. सभागृह खच्चून भरलं होतं. वर माडीवर उभं राहायलाही जागा नव्हती. मामांच्या शेजारी आज त्यांची बायको बसली होती, धुतलेली साडी नेसून. भट्टी सोडल्यापासून पहिल्यांदाच मामा नाटक पाहत होते. माणसं ऐकायची नाहीत असं त्यांनी ठरवलं असेल, पण सवय कुठे जाते? शेवटच्या प्रवेशात बिट्टीने ताटल्या मांडल्या, तेव्हा आजूबाजूला श्वास थांबले. तिने दोन ताटल्या उचलल्या, तेव्हा माझ्या मागच्या खुर्चीवरच्या धिप्पाड माणसाने हुंदका गिळला. त्याच्या गुडघ्याचा हिसका मला बसला. तिने पाव मोडला. सगळं सभागृह रडत होतं, मित्रांनो. इतकी वर्षं मी तिथे होते, पण खुर्च्या अशा थरथरलेल्या मी कधी अनुभवल्या नव्हत्या.

पडदा पडला. दिवे लागले.

आणि काहीच झालं नाही.

लोक वाट पाहत होते. आधी एकाने मान वळवली, मग पाचांनी, मग पुढच्या सगळ्या रांगांनी. सगळे मधल्या रांगेकडे, आमच्याकडे, मामांकडे पाहत होते. मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. इतके दाबले होते की माझ्या बैठकीतला काथ्या खाली खचला. बायको कुजबुजली, “अहो, वाजवा ना!”

“शब्द दिलाय गं.”

“जळला मेला तो शब्द! लेक उभी राहील आता समोर!”

आणि तिने स्वतःच टाळी वाजवायला घेतली. सुई धरून झिजलेली बोटं तिची. त्या भल्यामोठ्या सभागृहात तिची टाळी चिमणीने पंख झटकावेत तशी वाजली. “आईच आहे ती,” मागे कोणीतरी हळूच म्हणालं. तिचे हात मंदावले आणि थांबले.

पडदा पुन्हा वर गेला. बिट्टी एकटी उभी होती. तिने समोर पाहिलं. शेकडो माणसं, आणि आवाज नाही. मान वळवून बसलेली, तिच्याकडे न पाहणारी. तिने वाकून नमस्कार केला. तेव्हाही शांतता. पडदा घाईघाईने खाली आला. लोक उठले. नाकं पुसत, खाली पाहत, सुतकी घरातून निघावं तसे पावलं न वाजवता निघून गेले.

मालक मामांपाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “काय केलंत हे?”

“मालक, लोकांना आवडलंय. रडत होते सगळे. मी ऐकलं.”

“तुम्ही ऐकून काय उपयोग? टाळी कुठे होती? उद्यापासून जुना फार्स लावतो आम्ही. आणि तुमचीही आता गरज नाही.”

थोड्या वेळाने बिट्टी आली. तोंडावरचा रंग अर्धवट पुसलेला. मामा धडपडत उठले.

“बिट्टे, ऐक. फार मोठं काम केलंस तू. सगळे रडत होते. मागचा तो पैलवानासारखा गडी हमसून हमसून रडत होता. ते माझी वाट पाहत होते गं. मी सुरू करीन म्हणून थांबले होते.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मायेने म्हणाली, “बाबा, राहू द्या. आयुष्यभर तुम्ही पडलेल्या नाटकांना टाळ्या मिळवून दिल्यात. आज माझ्यासाठी तेच करताय. मला कळतंय.”

“नाही गं! देवाशपथ खरं सांगतोय!”

“प्रत्येक नटाला तुम्ही हेच सांगायचात. मी ऐकलंय.”

मामा पुन्हा खाली बसले. कारण ते खरं होतं. सांगायचे ते प्रत्येकाला.

मित्रांनो, त्यानंतर त्या माणसाने जी वणवण केली ती मी डोळ्यांनी पाहिली नाही. मी जमिनीला जखडलेली. पण ते रोज दुपारी रिकाम्या सभागृहात यायचे, माझ्यावर बसायचे आणि शिवत बसलेल्या बायकोला सांगायचे. बिट्टी दूरच्या गावी मावशीकडे जायला निघाली होती. नाटकाचं नावही घरात काढायचं नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. ती जायच्या आत मामांना त्या दुपारचे प्रेक्षक शोधायचे होते. कोणीतरी येऊन तिला खरं सांगायला हवं होतं. पण प्रेक्षक म्हणजे दोन-अडीच तासांचं गाव. दिवे लागले की ते गाव उठतं आणि कुठे जातं, कोणाला माहीत!

“तो मागचा पैलवान सापडला,” एकदा ते म्हणाले. “कोळशाची वखार आहे त्याची. म्हणतो, मी नव्हतोच रडत, डोळ्यांत कुसळ गेलं होतं.”

दुसऱ्या दिवशी म्हणाले, “शाळेच्या बाई भेटल्या. त्या कबूल झाल्या. म्हणाल्या, आम्ही तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही हात हलवला नाहीत, तेव्हा मला वाटलं, जाणत्या माणसाला यात काहीतरी खोट दिसली असेल. मग आपलं रडणंच अडाणीपणाचं वाटलं.”

“मग येतील का त्या?” बायकोने विचारलं.

“येतील. एक न्हावीही येतोय. आणि एक जोडपं.”

खरंच, मामांनी त्या चौघांना नाटकगृहात आणलं. बिट्टी आईचा निरोप घ्यायला आली होती, तेव्हा. पुढच्या रांगेपाशी ते चौघे ओळीने उभे राहिले, शाळेत बक्षीस घ्यायला उभे राहावं तसे. शाळेच्या बाई म्हणाल्या, “मुली, तुझं काम बघून मला माझी बहीण आठवली.” न्हावी म्हणाला, “मलाही फार आवडलं हो.” जोडप्याने माना डोलावल्या. आणि मामा त्यांच्यामागे उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे आशेने पाहत होते, नाटकातल्या नटाला पुढचं वाक्य आठवावं म्हणून आडोशाला उभा असलेला माणूस पाहतो ना, तसे.

बिट्टीने हे सगळं ऐकून घेतलं. मग बापाकडे वळून हलकेच विचारलं, “यांना काय कबूल केलंत, बाबा?”

शाळेच्या बाई अपमानाने लाल झाल्या आणि चालत्या झाल्या. बाकीचेही त्यांच्यामागे गेले. बिट्टीने आईला मिठी मारली, बापाच्या पाया पडली आणि ती गेली. मामा मटकन माझ्यावर बसले. हात मांडीवर उताणे पडले होते. ते त्या हातांकडे असे पाहत होते, जणू कोणी परकी वस्तू सांभाळायला दिली होती.

पुढेही ते येत राहिले. नाटक चालू असताना तिकीट काढून मधल्या रांगेत बसायचे, हात मांड्यांखाली घालून. मालकांनी दुसरा टाळीवाला आणला, पण त्याची टाळी लोकांना पटेना. त्याच्यावर लोक संशय घ्यायचे. मग लोकांनी टाळीच सोडली आणि हळूहळू येणंही सोडलं. घरात बसून पाहायची चित्रं आली, तेव्हा तर रांगाच्या रांगा ओस पडल्या. घरी टाळी वाजवावी लागत नाही, हे त्यांना बरं वाटलं असावं. एका हिवाळ्यात मामा यायचे थांबले. त्यांची बायको उजाड कपाळ घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीची शिवण घालत दिवसभर बसून राहिली. ते वारल्याचं मला त्यावरून कळलं. बिट्टी आली होती म्हणे, पण उशिरा.

त्यानंतर आमच्या अंगावर धूळ बसली. मखमलीत उंदरांनी बिऱ्हाड केलं. छत गळू लागलं. शेवटी नाटकगृह पाडायचं ठरलं आणि कामगारांनी आमचे पाय पट्ट्यांतून उपटून काढले. पाठीवरचे पितळी नंबर भंगारात गेले. आम्हाला अंगणात एकावर एक रचून ठेवलं. ज्याला हवी त्याने न्यावी.

त्या दिवशी म्हातारी शिवणारीण शेवटचं पाहून घ्यायला आली होती. सोबत बिट्टी होती. केस पांढरे व्हायला लागलेले, बोलणं तुटक. दोघी ढिगापाशी उभ्या असताना एक सुटाबुटातला गृहस्थ खुर्च्या निवडायला आला. दातांचा डॉक्टर होता. दवाखान्यात माणसांना बसायला हव्या होत्या. खुर्ची उचलता उचलता त्याने बिट्टीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खुर्ची खाली ठेवली.

“माफ करा. तुम्ही... ती पाव खाणारी मुलगी ना?”

बिट्टीने मान वर केली.

“मी कॉलेजात होतो. वर माडीवर उभा राहून पाहिलं होतं. बाई, कितीतरी दिवस मला घास गिळता येत नव्हता. घरी गेलो आणि आईशी धड बोलायला लागलो, पहिल्यांदा. तुम्हाला कधी भेटलो तर सांगायचं होतं.”

“तुम्हाला कोणी पाठवलं?” बिट्टीने विचारलं.

“कोणी म्हणजे? मी खुर्च्या न्यायला आलोय.”

ती एक पाऊल पुढे आली. “मग तेव्हा टाळी का नाही वाजवलीत?”

डॉक्टर ओशाळला. “सगळे गप्प होते हो. मला वाटलं, आपल्याला काय कळतंय.”

मग बिट्टी आईकडे वळली. “आई, बाबा हेच सांगत होते?”

म्हातारीने वर पाहिलं नाही. “हेच.”

“ते कुठल्या खुर्चीवर बसायचे?”

“मधल्या रांगेतली मधली. आता यात कशी ओळखू, बाळा? सगळ्या सारख्याच शिवल्यात मी.”

बिट्टी ढिगाजवळ आली. एकेका खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून पाहू लागली. मी खाली दबलेली होते, दोन खुर्च्यांच्या पायांमध्ये. मी इथे आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. माझ्या काथ्यात अजून दोन खळगे आहेत, त्यांच्या हातांचे. एकदा वाक, एकदा हात आत घाल! मित्रांनो, लाकडाला जीभ नसते. तिने वरच्याच एका खुर्चीवर डोकं टेकलं आणि “बाबा, बाबा” करत ती ढसाढसा रडली. ती खुर्ची कडेच्या रांगेतली होती. तिच्यावर मामा एकदाही बसले नव्हते.

डॉक्टरने ज्या चार खुर्च्या नेल्या, त्यांत मी होते. आता माझ्यावर माणसं गाल धरून बसतात आणि आत बोलावणं आलं की नाइलाजाने उठतात. तुमच्यापैकी कोणी येईलही. माझ्या उरल्यासुरल्या मखमलीची काळजी नाही घेतलीत तरी चालेल, ती जायचीच आहे. पण कोणाचं गाणं, कोणाचं चित्र, कोणाचं काम तुमच्या काळजाला भिडलं, तर तिथल्या तिथे सांगा. आपल्याला काय कळतंय, असं म्हणू नका. शेजारच्याकडे पाहत बसू नका. कारण उजेडात उभ्या असलेल्या माणसाला अंधारात बसलेले तुम्ही दिसत नसता. त्याला फक्त ऐकू येतं.